चौदाशेचा माउस, चौदा हजारांची आवई

बीबीच्या बसस्टँडवर कुरियरवाला पोरगा येऊन उभा राहिला की कुणाकडं काय आलं ते अर्ध्या गावाला कळतं. तो घरापर्यंत येत नाही. फोन करतो, "स्टँडवर या, पार्सल घ्या." आपण चपला घालून पोचेपर्यंत खोक्यावरचं नाव, पत्ता अन् पैसे चहाच्या टपरीवर वाचून झालेले असतात. आमच्या पोराचं पार्सल असंच आलं. चौदाशे रुपये, माल हातात पडल्यावर रोख. टपरीपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चौदाशेचे चार हजार झाले. संध्याकाळी शेजारच्या काकू कुंपणावरचे गिलके तोडायला आल्या, तोवर आकडा चौदा हजारांवर गेला होता.

"काय वं म्याडम, पोरानं जुगाराचं मशीन आनलं म्हनतात!"

एके काळी मी इथं कॉम्प्युटर क्लास चालवत होते, तेव्हापासून गाव मला मॅडम म्हणतं. काकू म्हणतात तेव्हा त्यात आदर चिमूटभर अन् टोमणा मूठभर असतो.

"जुगार नाही काकू, माउस आहे. कॉम्प्युटरचा."

"माउस? तुह्या माळ्यावर तं पोतंभर पडले हायेत. अजून एक कशाले? अन् तेही चौदा हजाराचा?"

"चौदाशेचा."

"तेच ते. मले तं सांगितलं, रमी खेळते म्हनून घेतला. बटनं जास्त असले की पत्ते भरभर पडतात म्हने."

आता यावर हसावं की रडावं? पण काकूंना दोष कसा देणार? गावात 'गेम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पहिल्यांदा रमीच येते. कुणाच्या तरी पोरानं बापाच्या खात्यातले सोयाबीनचे पैसे घालवल्याची गोष्ट प्रत्येक गावात एक तरी असते, आणि ती खरीही असते. म्हणून मी हातातलं काम ठेवलं आणि कुंपणाशी नीट उभी राहिले.

"ऐका काकू. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आता बंद झाले. २०२५ च्या ऑगस्टात कायदा आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. रमी असो की क्रिकेटची टीम लावणं असो, नशिबाचा खेळ म्हणा की डोक्याचा, पैसे लावायचे असले की बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद अन् एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही."

"म्हनूनच का त्या क्रिकेटवाल्यायच्या छातीवरचं नाव निघालं?"

काकूंचं क्रिकेटकडं लक्ष असतं. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम-११ त्याच महिन्यात गेलं, हे त्यांनी बरोबर टिपलं होतं.

"हो, म्हणूनच."

"अन् आपला तो तवाचा मंत्री? सभागृहात रमी खेळत होता तो?"

"खेळत होतो असं ते म्हणत नाहीत. तेव्हा कृषिमंत्री असलेल्या कोकाटेसाहेबांचं म्हणणं, मोबाइलवर गेम आपोआप आला, तो मी घालवत होतो."

"मंग खातं काहून काढलं त्यायचं?"

"काढलं नाही, बदललं. कृषी घेतलं अन् क्रीडा दिलं."

काकूंनी गिलके ओच्यात टाकले आणि कुंपणाच्या खांबाला हात टेकून मनसोक्त हसल्या. "घ्या! खेळाचंच देल्लं!"

हसणं झाल्यावर मी मुद्द्यावर आले. त्याच कायद्यानं दुसऱ्या बाजूला ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. पोरगा जो गेम खेळतो त्याचं नाव व्हॅलोरंट. पाच जण इकडून, पाच तिकडून. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो निकामी करायचा. खेळायला पैसे पडत नाहीत. बंदुकीवर रंगीत नक्षी हवी असली तर मात्र कंपनी खिसा कापते, म्हणून यूपीआयचा पिन मी पोराला सांगितलेला नाही. इतकं शहाणपण आईला लागतंच.

हा नाद लागला कधी, तेही सांगते. २०२० चा जून आठवतो ना? लॉकडाऊन होता, शाळा बंद होत्या आणि लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. पोलीस नसतील अशी आडवाट काढून लोक ते पाहायला जात होते. त्याच जूनच्या २ तारखेला व्हॅलोरंट जगभर सुरू झालं. पण आमच्या पोराजवळ तेव्हा मोबाइलच होता, म्हणून तो पबजी खेळायचा. २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲप बंद केले, त्यात पबजीही गेलं. त्या दिवशी हा जेवला नव्हता. पुढं कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला आणि गाडी व्हॅलोरंटवर आली.

"ते समदं ठीक," काकू म्हणाल्या, "पन जुन्या माउसले काय धाड भरली होती?"

जुन्या माउसचा विषय निघाला की मला क्लास आठवतो, आणि मग मी लवकर आवरत नाही.

दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सची लाट होती. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. माउस सरकवला की गोळी फिरायची, गोळीनं आतल्या दोन बारीक दांड्या फिरायच्या. एक आडवी, एक उभी. कापसाचा हंगाम आला की बोंडांचा भुसा हवेत, टेबलावर आणि तिथून थेट माउसच्या पोटात. दांड्यांवर काळी कडी चढायची आणि पडद्यावरचा बाण एका जागी थरथरत बसायचा. रोज सकाळी मी खालचं झाकण फिरवून गोळी काढत असे अन् नखानं ती काळी कडी खरवडत असे. त्यातही गोळी जागेवर सापडली तर नशीब. पोट्टे ती गोट्या खेळायला पळवत. बाजूच्या शाळेच्या मैदानावर मी माझ्या क्लासच्या गोळ्या हुडकल्या आहेत.

आणि गुरुजी लोक! एमएस-सीआयटी नसली तर वेतनवाढ अडकेल म्हणून पन्नाशीचे गुरुजी येऊन बसायचे. माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून परत मधे आणायचा असतो, हे कुणाला सुचायचं नाही. टेबल संपलं की गुरुजी खुर्चीसकट सरकायचे. त्यांना सरळ मी पत्त्यांवर बसवायचे. विंडोजमधली सॉलिटेअर. १९९० साली विंडोज ३.० बरोबर ती आली. लोकांना बटण दाबून धरायची, ओढून नेऊन सोडायची सवय व्हावी हाही तिच्यामागचा एक हेतू, असं सांगतात. पुढं १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये सुरुंग हुडकायचा खेळ आला आणि त्यानं उजवं बटण शिकवलं. म्हणजे माउस अन् खेळ यांची सोयरीक आमच्या पोरानं जमवलेली नाही. ती आधीचीच आहे.

"आमचे हे तुह्याकडंच शिकले," काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या.

"काका तर सगळ्यांत हुशार. चौथ्या दिवशी सगळे पत्ते लावून मोकळे."

"रिटायर झाल्यावर आजूनबी लावतात. दुपारी दोन-दोन तास." हे सांगताना त्यांनी घराकडं एक नजर टाकली. पोराच्या खेळाबद्दलचा आवाज तिथून पुढं थोडा खाली आला, हे माझ्या ध्यानात आलं. मी काही बोलले नाही.

तर जुन्या माउसचं दुखणं. एकदा दाबलं की दोनदा लागायचं. बटणाखाली धातूच्या पातीची चिमुकली खटकी असते, ती वापरून वापरून सैल होते. फॉर्म भरताना एवढं बिघडत नाही. फार तर फाइल आपोआप उघडते. खेळात मात्र एक गोळी झाडायला जावं तर दोन सुटतात, आणि दुसरी भलत्याच भिंतीवर. वर तो माउस काचेच्या टीपॉयवर चालतच नव्हता.

"काचेवर काहून चालत नाही?"

"माउसच्या पोटात आता गोळी नसते, बारीक कॅमेरा असतो. दिवा लावून खालच्या जागेचे तो सेकंदाला हजारो फोटो काढतो अन् आधीच्या फोटोशी जुळवून पाहतो, किती सरकलो ते. कापडाचा धागा, लाकडाची रेघ, काहीतरी दिसावं लागतं. नितळ काचेवर दिसणार काय?"

पोराचं टेबल म्हणजे माझं शिलाई मशीन. खिडकी कुंपणाच्या बाजूला, म्हणून काकूंना उभ्या जागेवरून सगळं दिसत होतं. नवा माउस लॉजिटेकचा जी-१०२, ८५ ग्रॅमचा, वायरीचा, सहा बटणांचा. त्याच्या पाठीवरून रंगीत उजेड फिरत होता. हिरवा, जांभळा, मग निळा.

"दिवे मस्त हायेत बाप्पा. पैसा दिव्याचाच लागला असन."

लोकांना असंच वाटतं. दुकानात गेलं तर तीनशे-चारशेच्या माउसलाही इंद्रधनुष्य लावलेलं असतं अन् वर 'गेमिंग' लिहिलेलं असतं. दिव्याला काही किंमत नाही. पैसा लागतो तो न दिसणाऱ्या वस्तूला: आतला कॅमेरा, बटणाखालची खटकी, तळाला चिकटवलेल्या गुळगुळीत पट्ट्या. खोक्यावर ८,००० डीपीआय असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकवला तर तो कॉम्प्युटरला किती पावलं सांगतो तो आकडा. पोरानं खोकं फोडलं अन् पहिल्यांदा काय केलं असेल, तर आकडा ८०० वर आणला. मग विंडोजच्या सेटिंगमधली 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन'ची खूण काढून टाकली. ती असली की हात जोरात हलवल्यावर बाण जास्त पळतो अन् हळू हलवल्यावर कमी, मग हाताला अंदाज बसत नाही.

"आठ हजाराचा घेतला अन् आठशेवर चालवते?" काकूंना हे पटेना. "मंग आठशेचाच घ्यायचा."

"आकडा विकण्यासाठी असतो काकू. आठ हजारावर ठेवला तर बोट हललं की बाण पडद्याच्या बाहेर."

यानंतर पोरानं जे केलं ते मी दारात उभी राहून पाहत होते. माझी शिलाईची टेप घेतली अन् टेलरचा निळा खडू घेतला. माउस ठेवायला त्यानं बकरमचा मोठा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून चिकटवला होता, वर काळं सुती कापड. त्या कापडाच्या डाव्या कडेला खडूनं एक रेघ मारली. गेममध्ये माणूस एका भिंतीकडं तोंड करून उभा केला अन् माउस उजवीकडं सरकवत नेला, नेला, नेला, तो माणूस स्वतःभोवती पुरता फिरून पुन्हा त्याच भिंतीला येईपर्यंत. तिथं दुसरी रेघ. मग टेप लावली. सत्तेचाळीस सेंटिमीटरला जेमतेम कमी. गेममधला वेगाचा आकडा त्यानं ०.३५ ठेवला होता; ८०० ला त्यानं गुणलं की २८० येतात, आणि चांगले खेळणारे बहुतेक दोनशे ते चारशेच्या मधेच असतात. आधी हा एकवर खेळायचा. तेव्हा पुरतं फिरायला सोळा सेंटिमीटर पुरायचे, मनगट हललं की काम झालं. आता कोपरापासून आख्खा हात फिरतो.

"हे कसं करून राह्यलं वं पोट्टं? जात्यावर दळल्यावानी!"

"तसंच आहे. मनगटानं लवकर होतं, पण नेम हुकतो. हातानं हळू होतं, पण बाण म्हटलं तिथं थांबतो."

नवा माउस आला म्हणून तो दुसऱ्या दिवशी जिंकू लागला असं कुणी समजू नये. उलट खेळ बिघडलाच. हाताला जुनी मापं पाठ होती. नेम माणसाच्या अलीकडं पडायचा, चिडचिड व्हायची, अन् जुना माउस बरा होता इथपर्यंत बोलणं गेलं. पण त्यानं एक केलं. खेळायच्या आधी सरावाच्या मैदानावर जायचं, तिथं पुतळे उभे राहतात, तीसपैकी किती पडले ते वहीत लिहायचं. अभ्यासाची वही इतकी नीट मी कधी पाहिली नव्हती. तारीख, आकडा अन् पुढं शेरा: 'हात ताठ', 'घाई', 'लाईट गेली'.

लाईट तर जायचीच. आणि इथं माझं एक मत आहे, पोराला ते आवडत नाही. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कॉम्प्युटरला कळवतो, म्हणजे आठ मिलिसेकंदांनी एकदा. हा नवा हजार वेळा कळवतो, म्हणजे एका मिलिसेकंदानं. वाचले सात. आमच्या घरून गेमच्या मुंबईच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायलाच पडद्यावर पन्नासच्या आसपास दिसतात, अन् ढग आले की किती ते विचारू नका. तेव्हा ह्या हजाराचा फुगारा बीबीत फार मारू नये. आमच्याकडं खटकी चांगली असणं अन् मापं हाताला बसणं, एवढ्याचाच उपयोग. चौदाशे त्यासाठी ठीक. पाच-सात हजारांचे बिनवायरीचे, साठ-बासष्ट ग्रॅमचे मिळतात. ते मी घेऊ देणार नाही.

"हे काढलं कोनं पन?" काकूंनी विचारलं. गिलके कधीच तोडून झाले होते.

"अमेरिकेतल्या डग्लस एंगलबार्ट यांनी. १९६४ साली त्यांच्या बिल इंग्लिश नावाच्या सहकाऱ्यानं पहिला बनवला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर चालवून दाखवला. पेटंट १९७० ला मिळालं. खास खेळासाठीचा माउस त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आला, १९९९ ला, रेझर कंपनीचा. त्याच्याही पोटात गोळीच होती."

"मंग तो लाकडीवाला करोडपती झाला असन."

"नाही ना. पेटंट ते काम करत होते त्या संस्थेच्या नावावर होतं. संस्थेनं ॲपलला सुमारे चाळीस हजार डॉलरला वापरू दिलं, असं एंगलबार्ट यांनीच पुढं सांगितलं. त्यांना स्वतःला रॉयल्टी मिळाली नाही."

काकू गंभीर झाल्या. जगातली ही एक गोष्ट त्यांना लगेच समजली. "पिकवनाराले कवा मिळालं माय? सोयाबीनचा २०२५ चा हमीभाव ५,३२८ व्हता. कागदावर. आपलं त्या साली पावसानं काळं पडलं, व्यापारी हातात घेऊन पाहे अन् तोंड वाकडं करे."

थोडा वेळ मग सोयाबीनच झालं. ते झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न काढला, जो त्यांना पहिल्यापासून विचारायचा असणार. "नोकरी लागन का यानं?"

"मला नाही वाटत. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये भुजच्या तीर्थ मेहतानं ई-स्पोर्ट्सचं ब्राँझ आणलं, पण ते प्रदर्शनाचे सामने होते, पदकतक्त्यात धरलं नाही. पुढच्या, हांगझोच्या एशियाडपासून पदकं धरायला लागले. लाखात एखाद्याचं जमत असेल. आमचा पास झाला तरी पुरे."

"मंग येळ काहून घालवू देते?"

"रात्री नऊ ते साडेदहा. त्यानंतर मी राउटर काढते."

हे त्यांना पटलं. राउटर काढणारी बाई म्हणजे घर हातात ठेवणारी बाई, असा काहीसा भाव चेहऱ्यावर आला. मग ओच्यातले चार गिलके त्यांनी तारेवरून माझ्या हातात दिले. फुकट कोणी गिलके देत नाही, हे मला माहीत होतं.

"मी काय म्हनतो, आमच्या ह्यायचा माउस बी दोनदा लागते. पत्ता धरते अन् सोडूनच देते. पन हे डावखुरे. त्यायले चालन का हा?"

चालेल. आकार दोन्ही बाजूंनी सारखाच आहे, अन् डावं-उजवं बटण विंडोजमध्ये अदलाबदल करता येतं. एकच अडचण. अंगठ्याची म्हणून दिलेली दोन जादा बटणं एकाच बाजूला आहेत, डावीकडं. डाव्या हातानं धरला की ती करंगळीपाशी येतात अन् नकळत दाबली जातात. ती बंद करून देता येतात, हेही मी सांगितलं.

काकूंनी हिशेब केला. "सहातले दोन बंद. मंग चौदाशेतून काही कमी करन का तो?"